झाकलेले ४१ दिवस

आधी खटकला तो फक्त एक आकडा.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी गॅलरीतल्या रास्पबेरी पायमध्ये, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या संगणकात, शिरून मी सहज जागेचा हिशोब बघत होते. बघायचं तसं काही कारण नव्हतं. घरातून बाहेर पडताना कुलूप एकदा ओढून बघतो ना, तेवढंच. भरलेली जागा सांगणारं डीएफ म्हणालं, एसडी कार्डावर १४ जीबी भरलेत. एवढं काय आहे म्हणून डीयू या दुसऱ्या आज्ञेला रूटपासून, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या मुळापासून, एकेक फोल्डर मोजायला लावलं, दुसऱ्या डिस्कवर मात्र पाऊल टाकू नकोस असं बजावून. त्याची बेरीज आली ७.४. मी सुडो लावून, म्हणजे यंत्राच्या मालकाच्या हक्कानं, पुन्हा मोजलं, कारण परवानगी नसलेले फोल्डर डीयू वगळतं. आकडा हलला नाही. मधले ६.६ जीबी कार्डावर जागा अडवून बसले होते, पण कुठल्याच फोल्डरात नव्हते.

या दोघांचं जमत नाही तेव्हा चूक सहसा दोघांचीही नसते. डीएफ फाइलसिस्टिमच्या वहीत बघून सांगतं की इतके ब्लॉक दिलेले आहेत. डीयू दारोदार फिरून माणसं मोजतं. वहीत आहे पण दारात नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे पुसलेली पण कुणीतरी अजून उघडी धरून ठेवलेली फाइल. नाव गेलेलं असतं, जागा सुटलेली नसते. उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलएसओएफनं शोधलं, तसं काही निघालं नाही. तरी मनाचं समाधान म्हणून यंत्र एकदा बंद करून चालू केलं. पुन्हा १४, पुन्हा ७.४. झाडांना पाणी घातलं, दिवे लावले, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर तो आकडा पुन्हा आला. दातात काहीतरी अडकलं की जीभ तिथेच जाते, तसं मन तिथेच जात राहिलं.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. गॅलरीतली ही सगळी मांडणी ताईसाठीच केलेली. तिला पक्षी दिसण्यापेक्षा ऐकू येण्यात जास्त रस. दुर्बीण गळ्यात अडकवून फिरणाऱ्यांपैकी ती नाही, डोळे मिटून बसणाऱ्यांपैकी आहे. म्हणून एका प्लॅस्टिकच्या डब्यात हा छोटा बोर्ड, त्याला यूएसबीचा माइक, शेजारी अडीच इंची जुनी हार्ड डिस्क. रोज पहाटे साडेपाचला ध्वनिमुद्रण सुरू होतं, सहाला थांबतं, आणि त्या दिवसाच्या नावाच्या फोल्डरात फाइल जाऊन बसते. ताईला सवड मिळाली की ती महिन्या-दोन महिन्यांचं एकदम ऐकते.

"अगं, १२ फेब्रुवारीची पहाट काढून दे ना," ती म्हणाली. "मी तुझ्याकडे होते बघ, वीज गेली होती ती."

तारीख तिच्या लक्षात राहण्याचं कारण ती वीजच होती. पंखा थांबला, फ्रिज थांबला, आजूबाजूच्या घरांची ती सततची घरघर थांबली आणि त्या शांततेनं तिला जाग आली. खिडकीशी जाऊन उभी राहिली तेव्हा एक शीळ ऐकू आली. तीन स्वर चढते आणि चौथा एकदम खाली, विहिरीत दगड टाकावा तसा. इतक्या वर्षांत तिनं ती कधी ऐकली नव्हती. वीज आल्यावर पुन्हा एकदा झाली असावी, पण फ्रिज सुरू झाल्यामुळे तिला खात्री नव्हती. "पण तुझ्या माइकला फ्रिज ऐकू येत नाही," असं म्हणून ती थांबली. आपलं माणूस आपल्या यंत्रावर विसंबतं तेव्हा छातीत काहीतरी सुखावतं. तसं मला तेव्हा झालं.

मी डिस्कवरचा फोल्डर उघडला. ९ फेब्रुवारी, १० फेब्रुवारी, ११ फेब्रुवारी. त्यानंतरचा फोल्डर २५ मार्चचा होता.

मधले ४१ दिवस नव्हते.

ताईला "शोधून सांगते" एवढंच म्हणून मी फोन ठेवला. पोटात खड्डा पडला होता. पुसलं गेलं असेल तर कुणी पुसलं? त्या यंत्रात माझ्याशिवाय कुणी शिरत नाही. डिस्क खराब होत असेल तर तिनं बरोबर सलग ४१ दिवसच कसे गिळले? मग ध्वनिमुद्रणाच्या स्क्रिप्टची नोंदवही आठवली. ती डिस्कवर नाही, कार्डावर असते. ती उघडली आणि आणखी गोंधळले, कारण ती भरलेली होती. १२ फेब्रुवारी, ५.३० सुरू, ६.०० पूर्ण, फाइल लिहिली, १७२.८ एमबी. १३ फेब्रुवारी, तसंच. १४, १५, १६. एकही ओळ चुकलेली नाही, एकाही ओळीत तक्रार नाही. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकच वाहिनी, अर्धा तास: आकार रोज तोच यायला हवा, आणि तोच येत होता. शेवटी नुसती त्या आकड्याकडे बघत बसले असताना हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे गेला. १७२.८ गुणिले ४१. आले ७,०८४.८ एमबी. हजाराऐवजी १०२४ नं भागत गेलं, म्हणजे डीएफच्या मापात बसवलं, की ६.६ जीबी.

मी खुर्ची मागे सारून उठले आणि गॅलरीत जाऊन त्या डब्यासमोर उभी राहिले. हिरवा दिवा लुकलुकत होता. काही हरवलं नव्हतं. जिथे मी रोज हात घालत होते त्याच्याच खाली, बोटभर अंतरावर, ४१ पहाटा पडून होत्या.

ज्यांनी कधी लिनक्सवर डिस्क माउंट केली आहे त्यांना हे खालचं-वरचं लगेच कळेल, तरी मला ते पुन्हा एकदा स्वतःशी उलगडून बघावंसं वाटतं. डॉस या जुन्या प्रणालीवर शिकलेल्या माणसाच्या डोक्यात प्रत्येक डिस्कला वेगळं दार असतं: ए, सी, डी. डिस्क नसेल तर ते दारही नसतं, प्रश्न मिटला. लिनक्स ज्याच्या वळणावर गेलं त्या युनिक्सचं घर एकाच दाराचं. सगळ्या डिस्का त्या एकाच झाडाच्या कुठल्यातरी फांदीवर चढवायच्या. बेल लॅब्जमध्ये नोव्हेंबर १९७१ मध्ये युनिक्सची पहिली हस्तपुस्तिका निघाली, तिच्यातही माउंट आहे आणि उतरवणारं उमाउंटही आहे. अनमाउंटमधला एन तेव्हाच गळला, तो आजतागायत परत आलेला नाही. त्या काळी टेपचं रीळ किंवा ताटाएवढी डिस्क खरोखर हातानं उचलून यंत्रावर चढवायची असे, शब्द तिथलाच. माझी डिस्क तळहातावर मावते आणि दोन स्क्रू लावून डब्यात कायमची बसवलेली आहे. चढवायची उरते ती फक्त नावापुरती. आणि त्या नावातच सगळा घोळ आहे. कारण जिथे ती चढते तो एक साधा फोल्डर असतो, कार्डावरचाच, आधीपासून असलेला. डिस्क चढली की तो झाकला जातो. उतरली की उघडा पडतो. नाव दोन्ही वेळा तेच.

भिंतीला खिळा आहे आणि खिळ्याला कॅलेंडर टांगलंय, असं समजा. रोज त्या जागी जाऊन तुम्ही काहीतरी टिपून ठेवता. एक दिवस कॅलेंडर खाली पडतं. तुम्ही अंधारातच येता, हात सवयीनं त्याच जागी जातो आणि भिंतीवर लिहून निघून जाता. पेन्सिल उमटते, हाताला काही वेगळं जाणवत नाही. ४१ दिवसांनी कुणीतरी कॅलेंडर उचलून पुन्हा खिळ्याला लावतं. आता कॅलेंडरावर ते दिवस कोरे, आणि भिंतीवरचं अक्षर कॅलेंडरामागे.

पण कॅलेंडर पडलं कसं, याचा माग काढताना मला बरंच मागे जावं लागलं. आदल्या वर्षी एकदा ही डिस्क मी दुसऱ्या कामासाठी दोन दिवस काढून नेली होती. तेवढ्यात बोर्ड काही कारणानं पुन्हा सुरू झाला आणि नेटवर्कवर दिसेनासाच झाला. स्क्रीन जोडून बघितलं तर ती लाल चांदण्यांची ओळ डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकत होती, शेजारी सेकंद वाढत होते. ९० सेकंद सिस्टिमडीनं, म्हणजे यंत्र उठताना सगळं सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमनं, त्या डिस्कची वाट बघितली आणि मग आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन बसलं. वर म्हणतंय, रूटचं, म्हणजे सर्वाधिकारी मालकाचं, खातं कुलूपबंद आहे, आत घेता येणार नाही. बाहेरच्यालाही प्रवेश नाही आणि घरधन्यालाही नाही. शेवटी कार्ड काढून दुसऱ्या संगणकात घातलं आणि तिथून एफएसटॅबची फाइल सुधारली, कुठली डिस्क कुठे चढवायची ते जिच्यात लिहिलेलं असतं ती. सहा रकान्यांची ती एक ओळ: कोण, कुठे, कुठल्या प्रकारचं, कोणत्या अटींवर, आणि शेवटचे दोन आकडे ज्यांकडे फारसं कुणी बघत नाही. त्यातल्या चौथ्या रकान्यात मी एक शब्द वाढवला, नोफेल. डिस्क नसली तरी अडून राहू नकोस, पुढे जा. त्याच बैठकीत एसडीए१ हे ओळखल्या जाण्याच्या क्रमानं मिळणारं नाव काढून तिथे यूयूआयडी, म्हणजे त्या डिस्कचा स्वतःचा ओळख-क्रमांक, घातला, म्हणजे दुसरी कुठली डिस्क आधी ओळखली गेली तरी अदलाबदल होणार नाही. कार्ड परत घातलं, यंत्र सुरळीत उठलं. त्या रात्री किती बरं वाटलं होतं, ते अजून आठवतं.

तो शब्द चुकीचा नव्हता, आजही नाही. कुठेतरी कोपऱ्यात ठेवलेल्या, स्क्रीन नसलेल्या यंत्राला तो हवाच. पण मी सुरू होणाऱ्या यंत्राला सांगितलं की डिस्क नसली तरी चालेल, आणि ध्वनिमुद्रणाच्या स्क्रिप्टला हे सांगायचं राहिलं की डिस्क नसेलही. स्क्रिप्ट रूटच्या हक्कानं चालायची, त्यामुळे तिला कुठे लिहायला मनाई नव्हती. तारखेचा फोल्डर नसेल तर वाटेतले सगळे फोल्डर तयार कर, असं फोल्डर बनवणाऱ्या एमकेडीआयआरला मीच मोठ्या मनानं सांगून ठेवलेलं. त्यामुळे डिस्क नसलेल्या त्या पहिल्या पहाटे तिनं रिकाम्या फोल्डरात निमूटपणे १२ फेब्रुवारीचा फोल्डर बनवला आणि नोंदवहीत लिहिलं, पूर्ण. तिच्या बाजूनं ते खरंच होतं.

मला इथे आमच्या कॉलेजच्या लॅबमधले सहायक आठवतात. लिनक्सशी माझी पहिली ओळख त्या खोलीतली. फ्लॉपीवर निबंध उतरवला, प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची आज्ञा मागणारी खूण, परत आला, मी बटण दाबून फ्लॉपी काढली. सीडीचं दार माउंट असेपर्यंत लिनक्स उघडू देत नाही, पण फ्लॉपीला तसं कुलूप नसायचं, खट्कन बाहेर यायची. घरी जाऊन बघते तर फाइलचं नाव होतं, आत शून्य बाइट. दुसऱ्या दिवशी रडवेल्या चेहऱ्यानं त्यांच्यासमोर उभी राहिले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, लिहिलं वेगळं आणि पोचलं वेगळं. तू 'लिहिलं' ऐकलंस आणि निघालीस." मग शेजारी बसवून सिंक म्हणजे काय, उमाउंट म्हणजे काय ते दाखवलं. प्रॉम्प्ट परत येतो तेव्हा अक्षरं अजून मेमरीतच असतात, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती आपल्या सवडीनं डिस्कवर नेतो. आजही नुसतं सोडून दिलं तर ती साधारण ३० सेकंदांनी जुनी धरली जातात आणि मग डिस्ककडे रवाना होतात. उमाउंट परत आलं म्हणजेच पोचलं. इतक्या वर्षांत मी एकही डिस्क न उतरवता ओढलेली नाही. त्यांचं ते वाक्य मी पाळत आले. पोचलं की नाही हे नेहमी बघितलं. कुठे पोचलं, हे मात्र कधी विचारलं नाही.

आणि मार्चमध्ये एकदा मी त्या फोल्डरात जाऊन आलेही होते. काहीतरी दुसरं करत होते, जाता जाता फोल्डरातली यादी दाखवणारं एलएस मारलं. आदल्या दिवशीची फाइल होती, आकार बरोबर होता, मी बाहेर आले. आता त्या क्षणाकडे परत परत जाते. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमची डिस्क बनवली की तिच्या मुळाशी लॉस्ट अँड फाउंड नावाचा एक फोल्डर आपोआप येतो, हरवलेल्या फाइली दुरुस्तीत सापडल्या तर ठेवायला. डिस्क खरोखर चढलेली असती तर यादीत तो दिसला असता. त्या दिवशी तो नव्हता, आणि जानेवारीतले फोल्डरही नव्हते. पण मी जे शोधायला गेले ते सापडलं होतं. नसलेल्या गोष्टीवर नजर अडखळत नाही. इनोडचा, म्हणजे फाइलसिस्टिमच्या वहीतल्या नोंदीचा, आकडा मागितला असता तरी कळलं असतं. चढलेल्या ईएक्सटी४ डिस्कच्या मुळाचा इनोड नेहमी २ असतो, रिकाम्या फोल्डराचा भलताच काहीतरी असतो. पण रोज आपल्या घरात शिरताना पाटीवरचं नाव कोण वाचतं?

राहिली वीज. बोर्डला मी फोनचा जुना चार्जर लावलेला होता, आणि वायर लांब हवी म्हणून एक बारीक, लांबलचक वायर. रास्पबेरी पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा अडॅप्टर हवा असतो. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की तो कुरकुरायला लागतो. चारही यूएसबी मिळून जास्तीत जास्त १.२ अँपिअर वाटता येतात, आणि फिरती डिस्क नेमकी उठतानाच सगळ्यात जास्त मागते. एरवी एकदा फिरायला लागलेली डिस्क त्या चार्जरवर निभावून न्यायची. पण वीज जाऊन आली की सगळेच एकदम उठतात: बोर्ड, माइक, डिस्क. अशा वेळी डिस्कवर तळवा ठेवून बघितलंय मी. निरोगी डिस्क उठताना आधी एक बारीक टिक् होतो, मग आतून एक सूर हळूहळू चढत जातो आणि एका उंचीवर स्थिरावतो. तळव्याला ती थरथर मांजराच्या पाठीसारखी लागते. वीज कमी पडली की सूर अर्ध्यावर चढतो, टक् असा आवाज होतो आणि सगळं खाली घसरतं. थोडं थांबून पुन्हा तेच. थकलेल्या माणसानं जिन्यावर दोन पायऱ्या चढून कठड्याला टेकावं तसं.

२४ मार्चच्या संध्याकाळी दुसऱ्याच कामासाठी स्क्रीन जोडली होती, तेव्हा कोपऱ्यात पिवळी वीज चमकून गेलेली दिसली. व्होल्टेज पडल्याची ती खूण. थ्रॉटलिंगची, म्हणजे वेग आवरावा लागला का याची, स्थिती विचारली तर सोळाच्या मापात लिहिलेलं ५०००० आलं. हा आकडा मला फार आवडतो, कारण त्यात व्याकरण आहे. शेवटचे बिट वर्तमानकाळाचे, आत्ता वीज कमी पडतेय का. वरचे भूतकाळाचे, सुरू झाल्यापासून कधी पडली होती का. ५०००० म्हणजे आत्ता ठीक आहे, पण मधे कधीतरी पडली होती आणि तेव्हा प्रोसेसरला वेगही कमी करावा लागला होता. मी लगेच बोर्डला साजेसा अडॅप्टर लावला, वायर आखूड आणि जाड केली, यंत्र पुन्हा सुरू केलं. डिस्क एका दमात उठली, नोफेलवाली ओळ वाचली गेली, डिस्क आपल्या जागी चढली. पिवळी खूण गेली. त्या संध्याकाळी मी एक दोष बरा केला होता, आणि त्याच हातानं ४१ दिवसांवर झाकण ठेवलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यातली दुसरी आठवली की अजूनही जरा गलबलतं.

आता ते झाकण उचलायचं होतं. सरळ मार्ग म्हणजे डिस्क उतरवायची. पण उमाउंट म्हणालं, जागा वापरात आहे, कारण नेटवर्कवरून तो फोल्डर कुठेतरी उघडा होता. शोधून बंद करता आला असता. पण मला घाई करायची नव्हती, आणि दुसरी वाट जास्त सुंदर आहे. तळ नावाचा एक नवा फोल्डर केला आणि रूटला, म्हणजे झाडाच्या मुळाला, तिथे बाइंड माउंट केलं, म्हणजे तेच झाड या दुसऱ्या जागीही दिसेल असं केलं. असं साधं बाइंड केलं की मूळ कार्डाचं झाड तेवढं तिथे येतं, त्याच्या फांद्यांवर चढवलेल्या इतर डिस्का बरोबर येत नाहीत. म्हणजे कॅलेंडर न हलवता भिंत दिसते. मी तळमध्ये शिरले, तिथून एमएनटी, तिथून डिस्क जिथे चढते तो आवाज नावाचा फोल्डर. एंटर दाबायच्या आधी क्षणभर बोट तसंच ठेवलं.

१२ फेब्रुवारी. १३ फेब्रुवारी. १४ फेब्रुवारी. यादी खाली सरकत गेली ती २४ मार्चपाशी थांबली.

मोजले, ४१. घाईनं काहीच करायचं नाही, असं स्वतःला बजावलं, कारण आता माझ्यासमोर एकाच नावाचे दोन फोल्डर होते आणि चुकून भलत्यात पुसायची आज्ञा दिली असती तर जे वाचलं होतं तेही गेलं असतं. प्रती करणाऱ्या आरसिंकनं खालच्या फाइली वर डिस्कवर नेल्या, चेकसम, म्हणजे मजकुरावरून निघणारा पडताळ्याचा आकडा, लावून एकेक पडताळल्या, ताईसाठी आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली. मगच खालच्या पुसल्या, तेही दोन दिवसांनी. त्यानंतर डीएफ आणि डीयू जवळजवळ एकच आकडा सांगायला लागले, आणि तो जुळलेला हिशोब बघून मला जो आनंद झाला तो कुणाला सांगून कळेल असं वाटत नाही.

दुरुस्ती तशी छोटी. स्क्रिप्ट आता लिहिण्याआधी माउंटपॉइंट या आज्ञेला विचारते की इथे खरंच काही चढलेलं आहे का, नसेल तर थांबते आणि मला निरोप धाडते. ती रूटच्या हक्कानंही चालत नाही. आणि डिस्क उतरवून, खालच्या रिकाम्या फोल्डराला सीएचएटीटीआर या आज्ञेनं अपरिवर्तनीय करून ठेवलं. आता डिस्क नसेल तर त्या जागी खुद्द रूटलासुद्धा एक अक्षर लिहिता येत नाही. भिंतीवर पेन्सिल उमटतच नाही. कुणी छोट्या बोर्डावर डिस्क लावत असेल तर नोफेलच्या शेजारी हे एवढं कराच, असं मला अगदी मनापासून सांगावंसं वाटतं. डिस्क चढवायच्या आधी, फोल्डर रिकामा असतानाच करा. एका मिनिटाचं काम आहे.

ताई शनिवारी आली. चहाही न घेता संगणकाशी बसली. ती आधी ऐकत नाही, आधी बघते. ध्वनीचा आलेख काढते, ज्यात वेळ आडवी पसरते आणि सूर उभा चढतो. १२ फेब्रुवारीची फाइल उघडली. करड्या पार्श्वभूमीवर खाली पहाटेचा तो कायमचा धूसर पट्टा, आणि त्यावर अगदी सुरुवातीपासून, खालपासून वरपर्यंत सरळ उभ्या, सुईसारख्या रेघा. एक, मग थोडं अंतर, मग दुसरी. प्रत्येक रेघेच्या आधी एक फिकट, वर चढत जाणारी तिरकी ओळ, जी अर्ध्यावरच तुटलेली.

"या कसल्या गं रेघा?" ताईनं विचारलं. "असा पक्षी नसतो."

मी सांगितलं नाही लगेच. हेडफोनचा एक कान तिच्याकडे, एक माझ्याकडे घेतला आणि सुरुवातीपासून लावलं. बारीक सूर चढला, टक्, घसरला. पुन्हा चढला, टक्. माइक त्याच डब्याला टेकून आहे. पहाटे वीज आली, सगळे एकदम उठले, आणि साडेपाचला ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हा डिस्क अजून धडपडतच होती. जी डिस्क उठू शकली नाही म्हणून ही फाइल खाली पडून राहिली, तिचंच उठणं या फाइलमध्ये होतं. मी मोजत गेले. अकराव्या टक् नंतर एक लांब, खाली जाणारा उसासा आला आणि आलेखावरच्या रेघा संपल्या. नुसता करडा पट्टा उरला. दूर कुठेतरी एक दार वाजलं. मी कर्सर पुढे सरकवायला गेले तर ताईनं माझा हात धरला.

चौथं मिनिट संपता संपता, त्या मोकळ्या जागेत, तीन बारीक वळणं वर चढली आणि चौथं खाली उतरलं.

ताईनं डोळे मिटले. मी तिच्याकडे न बघता मागे जाऊन पुन्हा लावलं, आणि या वेळी सुरुवातीपासून. तिनं नको म्हटलं नाही.